न फिटणारे ऋण

कृतघ्नतेचा दावा कोणत्याही दिवाणी न्यायालयात दाखल होत नाही. उसने घेतलेले शंभर रुपये बुडविले तर फिर्याद होते, हुकूमनामा मिळतो, प्रसंगी जप्तीही येते. परंतु पडत्या काळात ज्याने हात दिला त्याची ओळख भर रस्त्यात चुकविणाऱ्या माणसास कोणताही न्यायाधीश जाब विचारीत नाही. १८७२ च्या कराराच्या कायद्याने मोबदल्यावाचून दिलेले वचन सामान्यतः निरर्थक ठरविले आहे. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात मात्र एक लहानसा अपवाद आहे. कोणी आपल्यासाठी पूर्वी स्वेच्छेने काही केले असेल आणि त्याची भरपाई करण्याचे वचन आपण मागाहून दिले असेल, तर ते वचन मोबदल्यावाचूनही बंधनकारक होते. कृतज्ञतेस आमच्या करारशास्त्राने दिलेली जागा ती एवढीच. आणि तीदेखील वचन तोंडातून निघाल्यानंतर.

दानाची गोष्टही अशीच. दान घेणारा उलटला तर दिलेले परत मागण्याची मुभा प्राचीन रोमन कायद्याने दिली होती, आणि १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेनेही ती राखली. आमच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात केवळ कृतघ्नतेच्या कारणावरून दान रद्द होत नाही. वृद्ध मातापित्यांपुरता अपवाद २००७ च्या कायद्याने केला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, त्यांना परत मिळविता येते. पण तेथेही कायदा अट पाहतो. लेकराच्या अंतःकरणात काय आहे हे तो पाहत नाही, आणि पाहूही शकत नाही.

जेथे कायद्याची हद्द संपते तेथेच नीतीचा खरा प्रश्न सुरू होतो. आपल्या हाती आलेले धन आपले कितपत, आणि ज्याच्याकडून ते आले त्याचे आपण काय लागतो? या प्रश्नाचा विचार आमच्या परंपरेने केला आहे, तसाच तो ख्रिस्ती परंपरेनेही केला आहे. दैवतसेवेत रमणाऱ्या आमच्या वाचकांस शेजाऱ्याच्या घरातील हा विचार ऐकण्याचे अगत्य वाटावे म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

ज्या मुलखाला समोर ठेवून आम्ही हे लिहीत आहो तो मुलूख अशा शेजाराला सरावलेला आहे. कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव लागते. तूर आणि ज्वारी पिकविणारी काळी जमीन, घरात कन्नड, पोथीत मराठी, आणि चार-पाच कोसांवर आळंदला लाडले मशायख यांचा दर्गा. अलीकडे कर्नाटकाच्या केंद्रीय विद्यापीठामुळे कडगंचीचे नाव दूरवर गेले. दत्तभक्तांना ते त्यापूर्वी कितीतरी शतके ठाऊक होते. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव येथले. त्यांच्या पाचव्या पिढीतील सरस्वती गंगाधर यांनी गुरुचरित्र रचिले. त्या मराठी ग्रंथात कन्नड पदेही आहेत, ही गोष्ट या सीमाभागाच्या स्वभावाची साक्ष देते. आणि याच कलबुर्गी-बीदर पट्ट्यात मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळ्या गावोगाव पसरलेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य लोक पूर्वी गावकुसाबाहेर राहणारे होते, हे येथेच नोंदवून ठेवतो. कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

ख्रिस्ती धर्म पैशाला पाप मानतो अशी एक ढोबळ समजूत आहे. ती बरोबर नाही. संत पौलाच्या नावाने चालत आलेल्या पत्रात दोष ठेवला आहे तो द्रव्यलोभावर, द्रव्यावर नव्हे. येशूचा आक्षेप असा की, धन हे चाकर म्हणून घरात शिरते आणि धनी होऊन बसते; आणि एका माणसास दोन धन्यांची चाकरी करता येत नाही. लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात या विषयावरचे अनेक दृष्टांत आहेत. एका शेतकऱ्यास अमाप पीक येते. जुनी कोठारे पाडून मोठी बांधावी आणि वर्षानुवर्षे स्वस्थ बसून खावे असा बेत तो करतो, आणि त्याच रात्री त्याचे बोलावणे येते. त्या शेतकऱ्याने चोरी केली नव्हती, कोणास फसविले नव्हते. त्याचे सगळे मनोगत ‘माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव’ याभोवती फिरते. पाऊस कोणी पाडला, गडी कोण होते, भुकेले कोण आहेत, यांपैकी कोणाचाच उल्लेख त्यात येत नाही. कथेतील मूर्खपणा तो एवढाच.

त्याच ग्रंथात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही जण बरे होतात. आभार मानावयास एकच परत येतो, आणि तोही परक्या, हलक्या मानलेल्या शोमरोनी जातीचा. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, न आलेल्या नऊ जणांचा रोग पुन्हा जडला असे कथेत म्हटलेले नाही. देणाऱ्याने दिलेले परत घेतले नाही. नऊ जण कोठे गेले, एवढेच त्याने विचारले. आणि देवळाच्या भांडारात दोन दमड्या टाकणारी विधवा तर सर्वांस परिचित आहे. धनिकांनी आपल्या शिलकेतून टाकले, हिने पोटातले काढून टाकले. म्हणून हिचे दान मोठे ठरले. आकडा पाहणारा हिशेबनीस जे पाहू शकत नाही, ते येथे पाहिले गेले आहे.

या सर्वांच्या मुळाशी जी कल्पना आहे तिला ख्रिस्ती लोक कारभारीपण म्हणतात. जमीन, पैसा, बुद्धी, आयुष्य ही सारी ईश्वराची ठेव. माणूस तिचा मालक नव्हे, कारभारी. ही कल्पना आम्हां वकिलांना परकी नाही, आणि देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वाचकांना तर मुळीच नाही. देवळातील मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या दाव्यात स्पष्टपणे उच्चारिले. दागिने देवाचे, जमीन देवाची. पुजारी आणि पंच हे राखणारे. देवाच्या गंगाळात आपल्या घरचे पाणी तापविणे हा गुन्हा आहे, हे आमच्या प्रत्येक भाविकास उपजत कळते. ख्रिस्ती विचार त्याहून एक पाऊल पुढे टाकतो आणि विचारतो: देवळाच्या उंबऱ्यापाशीच ही हद्द का थांबावी? घरचे गंगाळ तरी कोणाचे? ईशोपनिषदाच्या आरंभीही हाच प्रश्न उभा आहे, हे जाणत्यांस सांगावयास नको. परंतु उपनिषद आम्ही पारायणासाठी ठेवले आणि गंगाळ वाटणीच्या दाव्यासाठी.

आता आमच्याच घरातल्या ग्रंथाकडे वळू. गुरुचरित्राच्या ३८ व्या अध्यायात भास्कर नावाचा दरिद्री ब्राह्मण गाणगापुरास येतो. तिघांपुरता शिधा गाठोड्यात बांधून तो कित्येक दिवस उशाशी घेऊन निजतो, आणि लोक त्याची थट्टा करतात. शेवटी त्या तिघांच्या शिध्यात चार हजार माणसे जेवतात. गावातले, गावाबाहेरचे, अंत्यजापर्यंत सर्व. येशूने पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजारांस जेवू घातल्याची कथा यापासून फार दूर नाही. चमत्कार घडला की नाही याचा वाद आम्ही करीत नाही. दोन्ही कथांत अन्न पुरे पडते ते जवळचे थोडके कोणीतरी पुढे केल्यावर, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच ग्रंथातील ४७ व्या अध्यायातील शेतकऱ्याची कथा वकिलाच्या मनास विशेष भिडते. पर्वतेश्वर हा नित्य गुरूंस नमस्कार करणारा शेतकरी. उभी ज्वारी पिकण्याआधीच कापून टाक, अशी आज्ञा होताच तो अधिकाऱ्याकडे जाऊन मागील वर्षाच्या दुप्पट धान्य देण्याचा कौल करतो आणि घरच्यांचा आक्रोश न मानता पीक कापतो. पुढे आभाळ फिरून साऱ्या गावचे पीक बुडते आणि याच्या शेतात मात्र धसकटांतून अनेक पटींनी ज्वारी येते. तेव्हा तो आपण होऊन अधिकाऱ्यास कौलाहून अधिक, अर्धा वाटा देऊ करतो. आणि अधिकारी तो घेण्यास नकार देतो, कारण गुरुकृपेने आलेल्या धान्यावर त्याचा हक्क पोहोचत नाही. ठरल्याहून अधिक देऊ पाहणारा कूळ आणि ठरल्याहून अधिक न घेणारा सरकारी अधिकारी, असे दोन पक्षकार एकाच प्रकरणात आमच्या तरी पाहण्यात आले नाहीत. कराराने दोघांचे देणेघेणे पूर्ण झाले होते. कराराच्या पलीकडे जे उरले ते पर्वतेश्वराने आपले मानले नाही, म्हणून तो देऊ शकला.

या दोन परंपरांत फरक कोठे पडतो? आमच्या मते तो नवसापाशी पडतो. मूल झाले तर चांदीचा पाळणा वाहीन, दावा जिंकला तर अभिषेक करीन, ही भाषा सोपाधिक कराराची आहे. आधी माल, मग पैसे. नवस फेडला की हिशेब चुकता. अशा फेडीत श्रद्धा नसते असे आम्ही म्हणत नाही. ज्या माउलीने अनवाणी चालत जाऊन नवस फेडला तिच्या डोळ्यांतील पाणी करारातून आलेले नसते. परंतु फेडण्याच्या कल्पनेतच एक धोका आहे. जे फिटते त्याचा संबंधही संपतो. ऋणको आणि सावकार यांचे नाते पावती फाटली की तुटते. ख्रिस्ती उपदेश असा की, कृपा आधी येते, न मागता येते, आणि कोणत्याही किमतीने तिची फेड होत नाही. म्हणून माणसाच्या हाती एकच उरते, जे आपल्याला मिळाले ते पुढच्याला देणे. आमच्याकडे याच भावनेचे नाव प्रसाद. प्रसाद कोणी हक्काने मागत नाही, कोणी एकट्याने साठवीत नाही. तो हाती पडताच शेजारच्या हातावर ठेवावा लागतो. ज्या अर्थी मराठीत कृपेला आणि वाटावयाच्या खिरापतीला एकच शब्द आहे, त्या अर्थी हा विचार आम्हांस शिकविण्याची गरज नाही. आठवण देण्याची आहे.

येथे आमचे कोकणी वाचक विचारतील, आणि विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, की उपदेश इतका उदात्त तर आमच्या देवांचे काय झाले? १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश खाडी ओलांडून प्रियोळास गेला. पूर्वजांनी कृतज्ञतेने आपल्या दैवतास वाहिलेल्या जमिनी सत्तेच्या बळावर काढून घेऊन दुसऱ्या वेदीवर वाहण्यात आल्या. यास दान म्हणता येत नाही. १८८२ च्या कायद्यानेही दानाची पहिली कसोटी स्वेच्छा हीच सांगितली आहे. दुसऱ्याचे हिरावून देवास वाहणारा कारभारी स्वतःच्याच धर्मशास्त्राप्रमाणे अफरातफरीचा दोषी ठरतो. हे आम्ही कटुता वाढविण्यासाठी सांगत नाही. तत्त्व आणि ते मिरविणारी सत्ता यांचा हिशेब वेगवेगळ्या वहीत लिहावा, एवढेच सुचवावयाचे आहे. आणि हाच न्याय आपल्याही वहीस लावावा.

ख्रिस्ती जगातील प्रामाणिक माणसांना या अडचणीची जाणीव होती. ज्यांच्या पंथाच्या मंडळ्या बीदर-कलबुर्गीत आहेत त्या जॉन वेस्ली यांनी पैशाच्या उपयोगावरील आपल्या १७६० च्या प्रवचनात तीन गोष्टी सांगितल्या: सचोटीने मिळवावे तितके मिळवा, वाचवावे तितके वाचवा, आणि द्यावे तितके द्या. अनुयायांनी पहिल्या दोन आज्ञा उत्साहाने पाळल्या. तेव्हा म्हातारपणी, १७८६ मध्ये, वेस्लींनी खेदाने लिहिले की, धर्म उद्योग आणि काटकसर शिकवितो, त्यांतून संपत्ती येते आणि संपत्तीबरोबर धर्म ओसरतो. आपल्याच यशाकडे इतक्या निर्भयपणे पाहणारा धर्मसंस्थापक विरळा.

आमच्या महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक नाजूक रूपाने आला. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. पैसा अमेरिकेतील हितचिंतकांचा, आश्रय हिंदु विधवांना. १८९३ मध्ये मुलींचा ओढा ख्रिस्ती उपासनेकडे होतो आहे असा गवगवा झाला, आणि रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. जिने अन्न, वस्त्र आणि अक्षर दिले तिच्या प्रार्थनेत बसावेसे एखाद्या पोरक्या मुलीस वाटले, तर ती कृतज्ञता म्हणावी की दडपण? पुढे कायद्यानेही यात लक्ष घातले. १९६७ मध्ये ओरिसाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरास बंदी केली, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे वैध ठरविले. मोबदल्यात श्रद्धा मागणारे दान हे दान नव्हे, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे, आणि आम्ही दाखविले त्याप्रमाणे ते येशूच्या वागणुकीशीही सुसंगत आहे. नऊ जण परत आले नाहीत तरी त्याने त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही.

परंतु याच तत्त्वाची दुसरी बाजू आपण सहसा उच्चारीत नाही. बीदरकडच्या एखाद्या मजुराविषयी, त्याच्या आज्याने शेरभर तांदळासाठी धर्म विकला, असे आपण सहज बोलून जातो. हे बोलताना आपण दोन गोष्टी गृहीत धरतो. पहिली अशी की, गरिबाला पोट असते, अंतःकरण नसते. श्रीमंत माणूस ऋण मानतो तेव्हा तो कृतज्ञ, गरीब मानतो तेव्हा तो विकत घेतलेला. दुसरी अशी की, तो मुळात आपला होता. त्याचा आजा गावकुसाबाहेर राहत होता तेव्हा आपल्या विहिरीचे पाणी, आपल्या पंक्तीतला घास आणि आपल्या देवाचे दर्शन यांपैकी काय त्याच्या वाट्यास आले होते? ज्याला आपण काही दिलेच नाही त्याच्या कृतघ्नतेची तक्रार करण्यास आपल्याजवळ दाव्याचे कारण नाही. भास्कराच्या पंक्तीत अंत्यजही जेवला, असे आपण पारायणात वाचतो. ती पंक्त नित्याची झाली असती तर शेजारच्या तांदळाचे एवढे भय आपणांस वाटले नसते.

परदेशी पैशाने येणारी मिंधेपणाची भावना खुद्द मराठी ख्रिस्ती पुढाऱ्यांनाही सलत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले या दोघांनाही जेथे स्थान असेल असा ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा त्यांचा मनोदय होता. १९१९ मध्ये ते वारले आणि ते कार्य अपुरे राहिले. पगार हा श्रमाचा मोबदला, त्यात लाज कसली, असे कोणी म्हणेल. टिळकांना उमगले ते असे दिसते की, वेतन घेऊन सांगितलेला प्रभू ऐकणाऱ्यास विक्रीचा माल वाटतो. आपल्या देशबांधवांस जे द्यावयाचे ते मोबदल्यावाचून द्यावे, तरच घेणाऱ्याचे स्वातंत्र्य शाबूत राहते.

तथापि त्यागाचीही एक बाजू लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावाचून कळत नाही. हाती आलेला पैसा गरजूस देऊन मोकळे होणाऱ्या पतीच्या घरात उद्याची चूल पेटविण्याचे काम पत्नीकडे असते. टिळकांच्या औदार्याचा निम्मा खर्च लक्ष्मीबाईंनी सोसला, आणि हसत सोसला, हे त्यांचे मोठेपण. कारभारी म्हणून देणाऱ्याने ठेवीत आणखी कोणाकोणाचा वाटा आहे हे पाहिलेच पाहिजे. दुसऱ्याच्या ताटातील घास काढून केलेल्या उदारतेस नीतीची पूर्ण मान्यता मिळत नाही.

एवढ्या विवेचनातून आमच्या हाती जो निर्णय येतो तो थोडक्यात असा. घेणाऱ्याने ऋण विसरू नये. देणाऱ्याने ते लक्षात ठेवू नये. कृतज्ञता हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, परंतु देणाऱ्याचा तो हक्क नव्हे. ज्या क्षणी देणारा ती मागतो त्या क्षणी त्याचे दान कर्जात रूपांतरित होते, मग तो मिशनचा साहेब असो, मंडळाचा अध्यक्ष असो, की लेकरास शिकविल्याचा हिशेब ऐकविणारा बाप असो. आमच्या देवळांच्या जीर्णोद्धारात रकमेच्या उतरत्या क्रमाने देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरण्याची चाल पडली आहे. त्या यादीत दोन दमड्यांची विधवा बसत नाही, उशाशी गाठोडे घेऊन निजणारा भास्करही बसत नाही. येत्या जत्रेच्या सभेत एखाद्या पंचाने ही फरशी कोरी ठेवण्याची सूचना मांडून पाहावी आणि मग किती देणग्या येतात ते मोजावे. त्या मोजणीतून आपल्या दानाची खरी प्रत आपल्यालाच कळून येईल.

सायंदेवांवरील कृपेची कथा गुरुचरित्राच्या १४ व्या अध्यायात आहे. क्रूर यवनाच्या चाकरीत त्यांचा जीव धोक्यात होता. गुरूंच्या आश्वासनावर ते त्याच्यापुढे गेले आणि त्यानेच वस्त्रे देऊन त्यांस सन्मानाने परत पाठविले. वाचलेल्या जिवाची किंमत सायंदेव चुकती करू शकले नाहीत, आणि तसा प्रयत्नही त्यांनी केला नाही. त्यांनी सेवा केली, मुलाबाळांस ती कथा सांगितली, आणि पाचव्या पिढीत एका वंशजाने ती लिहून ठेविली. ज्यांनी गुरूंस कधी पाहिले नाही, ज्यांनी सायंदेवांचे काही देणे लागत नव्हते, अशा लक्षावधी घरांत आज ती पोथी वाचली जाते. फेडता न आलेले ऋण असेच पुढे जाते. कडगंचीच्या त्या चाकरीवाल्या गृहस्थाने सावकाराप्रमाणे हिशेब मिटविला असता, तर त्या दिवशीच सारे संपले असते.